एमएफएला प्रवेश मिळालाय, पण कर्ज काढून जाऊ का?

वाचकाचं पत्र:

मी ३४ वर्षांची आहे. बीएफए झाल्यावर गेली ११ वर्षं पॅकेजिंग डिझाइनमध्ये नोकरी करते. संध्याकाळी आणि सुट्टीला पेंटिंग करते. ऑर्डरची पोर्ट्रेट्स घेते, ती विकली जातात. दीड वर्षापासून छोट्या बोर्डांवर जिन्यांची चित्रं करतेय. ती कुणी मागितलेली नाहीत. यंदा एमएफएसाठी, म्हणजे ललित कलेच्या पदव्युत्तर पदवीसाठी, तीन नावाजलेल्या ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण फीमध्ये थोडीशीच सवलत आहे. बाकीसाठी कर्ज काढावं लागेल, नोकरी सोडावी लागेल. नवरा 'जा' म्हणतो, पण कर्जाचा विषय निघाला की गप्प होतो. तीन आठवड्यांत उत्तर कळवायचंय. डिग्री नसेल तर मला कुणी गंभीरपणे घेईल का? की आता उशीरच झालाय? आणि त्या दोन नकारांचा अर्थ काय घ्यायचा? अर्जात ज्या क्रमाने पाठवले होते त्याच क्रमाने बारा चित्रांचे फोटो सोबत जोडतेय.
दोन डगरींवर

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या हातात वेळ कमी आहे, म्हणून आधी उत्तर सांगून टाकते. या वर्षी, या अटींवर जाऊ नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि आर्थिक मदत वाढवून मिळेल का, हे दोन्ही प्रश्न आजच विचारा. दोन्हीला नाही म्हणाले तर जागा सोडा आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा. एमएफए करूच नका असं मी म्हणत नाही. तुमची जिन्यांची चित्रं पाहिल्यावर मला ते म्हणवणारही नाही.

चित्रांपासूनच सुरुवात करते, कारण सगळा निर्णय तिथूनच निघतो.

पहिली सहा पोर्ट्रेट्स. हात बसलेला आहे, साम्य नेमकं पकडलंय, त्वचेचे रंग कुठेही मळलेले नाहीत. ज्यांनी ती करून घेतली ते नक्की खूश असतील. पण या सहांमध्ये पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं हे मला ओळखता आलं नाही. तुम्हाला जे येतं ते तुम्ही दर वेळी तितक्याच चोख करता.

उरलेली सहा पाहताना मी खुर्ची पुढे ओढली. कठड्याची तीच तिरकी रेघ पहिल्या पाचही चित्रांत आहे आणि दर वेळी ती थोडी सरकलेली आहे. चौथ्या चित्रात तुम्ही रंग लावून पॅलेट नाइफने इतका खरवडलाय, की खालचं पांढरं प्रायमिंग उघडं पडलंय, आणि त्या उघड्या पट्ट्यामुळे वरच्या मजल्यावरून उजेड उतरतोय असं वाटतं. पांढरा रंग लावून तो उजेड आला नसता. पाचव्यात तुम्ही तेच पुन्हा करायला गेलात आणि ते जमलं नाही. तिथे सगळ्या पायऱ्या एकाच करड्या रंगात आहेत, त्यामुळे खरवडलेला भाग उजेडासारखा न दिसता नुसता ओरखडा दिसतो. आणि मग सहाव्यात तुम्ही खरवडणं जवळजवळ सोडून दिलंत, कठडा चित्राच्या चौकटीबाहेर ढकललात आणि फक्त त्याची सावली ठेवलीत. ही तीन चित्रं ओळीने पाहिली की एक माणूस रंगातून विचार करताना दिसतो. हाताला सापडलेली गोष्ट, ती पुन्हा करताना आलेलं अपयश, आणि त्या अपयशातून काढलेली वाट. एमएफएच्या प्रवेश समितीला पोर्टफोलिओत हेच हवं असतं. तुमच्याकडे ते आहे आणि तुम्ही ते शेवटी लपवून ठेवलंत.

त्या दोन नकारांबद्दल मला वाटतं ते असं. बहुतेक ठिकाणी १५ ते २० प्रतिमा मागतात. पहिल्या फेरीत समितीसमोर ढीगभर अर्ज असतात, त्यामुळे एका अर्जाला मिळतात थोडी मिनिटं. सुरुवातीच्या चार-पाच प्रतिमांवर मत तयार होतं आणि पुढच्या प्रतिमा त्या मताच्या चष्म्यातून पाहिल्या जातात. तुमचा अर्ज उघडला की सहा सफाईदार पोर्ट्रेट्स दिसतात. समिती मनात नोंद करते, 'हिला काम येतं, हिला आमची गरज नाही.' मग जिने येतात ते वेगळ्याच कुणाचे वाटतात. सगळं येतं हे दाखवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, विशेषतः ज्यांनी व्यावसायिक डिझाइनमध्ये काम केलंय त्यांना, कारण तिथे विविधता दाखवली की काम मिळतं. इथे उलट आहे. एकाच प्रश्नाच्या मागे लागलेली १५ चित्रं पाच प्रकारच्या तीन-तीन चित्रांपेक्षा कितीतरी जास्त बोलतात. पोर्ट्रेट्स पुढच्या अर्जातून पूर्ण काढा. एकही ठेवू नका.

फोटोंबद्दलही बोलायला हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जिन्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडलाय आणि तो नेमका खरवडलेल्या भागावर आहे. ज्या गोष्टीसाठी ते चित्र पाहायचं तीच दिसत नाही. बोर्ड भिंतीला सपाट लावा, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि अगदी समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा. ढगाळ दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. नाहीतर एकसारखे दोन दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांच्या कोनात ठेवा. खरवडलेल्या पृष्ठभागाचा एक जवळून काढलेला फोटो वेगळा द्या आणि प्रत्येक चित्राचं माप लिहा. स्क्रीनवर हातभर बोर्ड आणि भिंतभर कॅनव्हास सारखेच दिसतात.

आता डिग्रीशिवाय कुणी गंभीरपणे घेईल का, या प्रश्नाकडे वळते. कोण गंभीरपणे घ्यावं असं तुम्हाला वाटतं, यावर उत्तर अवलंबून आहे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर डिग्री लागतेच. अमेरिकेत कॉलेज आर्ट असोसिएशनने १९७७ साली एमएफएला स्टुडिओ आर्टमधली अंतिम पदवी म्हणून मान्यता देणारे निकष स्वीकारले, आणि तेव्हापासून तिथे चित्रकला शिकवायला डॉक्टरेट लागत नाही, एमएफए पुरते. बाकीच्या देशांत नियम निराळे आहेत आणि काही देशांत स्टुडिओतल्या कामावर पीएचडीही करता येते. शिकवणं हे तुमचं ध्येय असेल तर ज्या देशात शिकवायचंय तिथल्या भरतीच्या अटी आधी वाचा. तुमच्या पत्रात मात्र शिकवण्याचा उल्लेख कुठेच नाही. गॅलरीवाला, संग्राहक, क्युरेटर यांपैकी कुणीही प्रमाणपत्र मागत नाही. ते चित्र पाहतात, आणि तुमच्याबद्दल कोण बोलतंय ते ऐकतात.

चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ साली ते बडोद्याला आले आणि तिथल्या कलाविद्याशाखेत त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला. पेंटिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुढे अनेक वर्षं ते हिशेबाची अर्धवेळ नोकरी करत चित्रं काढत राहिले. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांचं उदाहरण 'शिक्षणाची गरज नाही' हे सांगायला देत नाहीये, तसं लोक फार देतात आणि ते अर्धवट असतं. खख्खरांना बडोद्यात चित्रकार मित्र मिळाले, शिक्षक मिळाले, रोज चित्रांवर वाद घालणारी माणसं मिळाली. पदवी नव्हती तरी तो सहवास त्यांना मिळाला होता. आणि चांगल्या एमएफएमधून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्टही तीच आहे.

ती कशी असते ते सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही डिग्रीचा विचार फार करताय आणि तिथल्या रोजच्या दिवसाचा कमी. तुम्हाला एक खोली मिळते, बहुधा तुमच्या कल्पनेपेक्षा लहान, आणि ती कोणत्याही वेळी उघडता येते. आठवड्यातून एखादा शिक्षक किंवा बाहेरून आलेला कलाकार त्या खोलीत येऊन तुमच्यासमोर बसतो. आणि मग क्रिट असतं. तुमची चित्रं भिंतीवर लावलेली, दहा-बारा माणसं समोर, आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा काही वेळ तुम्ही तोंड उघडायचं नाही असा नियम. कुणीतरी म्हणतं, 'हे जिने रिकामे का आहेत?' दुसरं म्हणतं, 'रिकामे नाहीत, कुणीतरी आत्ताच गेलंय.' तिसऱ्याला त्यात भीती दिसते. तुम्ही तर फक्त उजेडाचा विचार केला होता. तुम्ही गप्प उभ्या राहता आणि तुमच्याच चित्राबद्दल तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी ऐकता. काही वेळा ते ऐकणं फार जड जातं. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत मायकेल आशर यांच्या वर्गातलं क्रिट सकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालायचं. एकेका विद्यार्थ्याच्या कामावर तासन्‌तास. इतका वेळ कुणी तुमच्या कामासमोर बसावं, ही चैन नंतर आयुष्यात फारशी मिळत नाही. नोकरी करून रात्री एकट्याने चित्र काढणाऱ्या माणसाला तर ती अजिबातच मिळत नाही, आणि मला वाटतं तुम्हाला भूक याचीच लागली आहे.

सोबतचे विद्यार्थी शिक्षकांइतकेच महत्त्वाचे असतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ब्राइस मार्डन, रिचर्ड सेरा, चक क्लोज, नॅन्सी ग्रेव्हज आणि जॅनेट फिश हे सगळे जवळपास एकाच सुमारास शिकत होते. पुढे एकाने जवळजवळ एकरंगी कॅनव्हास केले, एकाने पोलादाच्या अजस्र भिंती उभ्या केल्या, एकाने फोटोवरून प्रचंड चेहरे रंगवले. कुणाचं काम कुणासारखं नाही. पण शेजारच्या खोलीत कुणीतरी तितक्याच हट्टाने काम करतंय हे रोज दिसणं, याचा माणसावर परिणाम होतो.

आणि योग्य वेळी योग्य शिक्षक भेटणं. कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट यांची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १९३५ साली हॉवर्ड विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी शाळेत शिकवण्याची नोकरी केली आणि मग त्या आयोवा विद्यापीठात गेल्या. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा नव्हती. शिक्षक होते चित्रकार ग्रँट वूड. त्यांनी सांगितलं, तुला जे सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचं काम कर. कॅटलेट चित्रकार म्हणून गेल्या होत्या, तिथे शिल्पाकडे वळल्या. १९४० साली त्यांना एमएफए मिळालं आणि त्यासाठी त्यांनी चुनखडीच्या दगडात कृष्णवर्णीय आई आणि मूल घडवलं. त्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात त्या शिल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. आई आणि मूल हा विषय पुढे त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. म्हणून शाळेचं नाव पाहण्याआधी तिथे शिकवतं कोण, हे पाहा. जर्मनीतल्या अकादमींमध्ये तर रचनाच अशी आहे, की तुम्ही एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात दाखल होता आणि वर्षानुवर्षं त्याच वर्गात राहता. तिथल्या बहुतेक सरकारी अकादमींमध्ये शिकवणीची फीही नसते, हेही लक्षात असू द्या.

इतकं सगळं चांगलं असताना मी तुम्हाला थांबा का म्हणतेय? कर्जामुळे. आणि कर्ज वाईट असतं एवढंच माझं म्हणणं नाही. इंजिनीअर किंवा डॉक्टर कर्ज काढून शिकतो तेव्हा त्या शिक्षणातूनच हप्ता फेडण्याइतका पगार येण्याची बरीच शक्यता असते. एमएफएनंतर तसा पगार कुणी देत नाही. शिकवण्याच्या पूर्ण वेळ जागा थोड्या, अर्धवेळ जागांचं मानधन तुटपुंजं. मग हप्ता कशातून भराल? तुमच्याकडे विकलं जाणारं एक काम आधीच आहे. दोन वर्षांनी तुम्ही डिग्री घेऊन बाहेर पडाल आणि दर महिन्याला हप्त्यासाठी पोर्ट्रेट्सच्या ऑर्डरी घ्याल, आजच्यापेक्षा जास्त. जिने मागे पडतील. ज्या कामापासून सुटण्यासाठी शिकायला जायचं त्याच कामाला हे कर्ज तुम्हाला बांधून टाकेल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त वाटलेली काळजी हीच आहे.

बिनकर्जाचा एमएफए ही दुर्मीळ गोष्टही नाही. पूर्ण फी माफ करून वर टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या मदतीचं पगारी काम) किंवा स्टायपेंड (राहण्या-खाण्यासाठी भत्ता) देणारे कार्यक्रम आहेत, विशेषतः काही सरकारी विद्यापीठांत. त्यांची नावं फारशी चमकदार नसतात, म्हणून लोक तिकडे पाहत नाहीत. तुम्ही अर्ज केलेल्या तीनही शाळा मोठ्या नावाच्या होत्या हे मला दिसलं. पुढच्या वेळी यादी उलट्या बाजूने करा. आधी मदत देणारे कार्यक्रम शोधा, मग त्यांतून तुमच्या कामाशी बोलू शकतील असे शिक्षक कुठे आहेत ते पाहा.

मदतीचं आश्वासन मिळालं तरी ते लेखी घ्या आणि दोन्ही वर्षांचं घ्या. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी आटते, असं पुष्कळदा होतं. २०१५ साली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या एमएफएच्या पहिल्या वर्षातले सातही विद्यार्थी एकदम अभ्यासक्रम सोडून बाहेर पडले. आर्थिक मदत, शिक्षक आणि अभ्यासक्रम यांबाबत दिलेला शब्द पाळला गेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून विचारताना लाजू नका. असिस्टंटशिपमध्ये आठवड्याला किती तास शिकवावं लागेल? ज्या शिक्षकासाठी तुम्ही जाताय ती व्यक्ती त्या दोन वर्षांत रजेवर तर नाही ना? स्टुडिओ रात्री उघडा असतो का, सुट्टीतही वापरता येतो का, हवा खेळती आहे का? ऑइल आणि टर्पेंटाइन वापरणाऱ्याने हा शेवटचा प्रश्न विसरू नये. आणि आत्ता तिथे शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, कार्यालयाने सुचवलेल्यांशी नव्हे, तुम्ही स्वतः शोधलेल्यांशी. त्यांना एकच विचारा: गेल्या महिन्यात तुमच्या स्टुडिओत कोण कोण आलं होतं? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात यावरून तुम्हाला कळेल.

वयाचं मनातून काढून टाका. चित्रकार अॅग्नेस मार्टिन यांनी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधून एमए केलं १९५२ साली, तेव्हा त्या ४० वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कमधलं त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं १९५८ साली. एमएफएच्या वर्गात २३ वर्षांच्या मुलांबरोबर तिशी-चाळिशीतले विद्यार्थी नेहमीच असतात, आणि माझ्या अनुभवात त्यांना वेळेची किंमत जास्त कळते. शिवाय नोकरीतून तुम्ही जे शिकलात, मुदत पाळणं, साहित्याचा हिशेब ठेवणं, दुसऱ्याने केलेली टीका अंगाला लावून न घेता कामाला लावणं, ते क्रिटमध्ये फार उपयोगी पडतं.

तर हे एक वर्ष कसं वापरायचं? चित्रं काढा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. जिन्यांची मालिका पुढे न्या आणि तिला मोकळं सोडा. सहाव्या चित्रात कठडा बाहेर गेलाय, तर पुढच्यात काय जातं ते पाहा. एकदा तरी मोठ्या मापात करून बघा, तुमच्या उंचीचा बोर्ड किंवा कॅनव्हास घेऊन. खरवडणं मनगटातून होत होतं ते खांद्यातून करावं लागेल आणि चित्र बदलेल. ते बिघडलं तरी ठेवा, फेकू नका. पोर्ट्रेट्सच्या ऑर्डरी पूर्ण थांबवायची गरज नाही, पण वर्षाला किती घ्यायच्या ते आत्ताच ठरवून टाका आणि त्यापुढे नाही म्हणा. त्यातून येणारे पैसे घरखर्चात मिसळू न देता वेगळे ठेवा. फी माफ झाली तरी राहणं, रंग, प्रवास हे सगळं उरतंच.

आणि चित्रं पाहायला माणसं शोधा. हे एकट्याने होत नाही आणि इथे तुम्ही कमी पडताय असं मला वाटतं. तुमच्या पत्रात जिन्यांची चित्रं पाहिलेल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. तुमच्यासारखंच नोकरी सांभाळून काम करणारे तीन-चार चित्रकार जमवा, महिन्यातून एकदा एकमेकांकडे जा, आणि चित्र लावणाऱ्याने पहिली पंधरा मिनिटं बोलायचं नाही एवढा एकच नियम ठेवा. सुट्टी साठवता येत असेल तर एखाद्या रेसिडेन्सीला, म्हणजे काही आठवडे राहून काम करायला जागा देणाऱ्या ठिकाणी, अर्ज करा. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९४६ पासून स्कोहीगनची उन्हाळी शाळा चालते, नऊ आठवड्यांची. तिथे डिग्री मिळत नाही, पण एमएफएमधलं जे मोलाचं आहे ते बरंचसं मिळतं. याहून लहान, महिनाभराच्या रेसिडेन्सी तर पुष्कळ आहेत. शिफारसपत्रांचा प्रश्नही यातूनच सुटेल. बीएफएच्या शिक्षकांनी तुम्हाला ११ वर्षांपूर्वी पाहिलंय. त्यांची पत्रं प्रेमळ असतील, पण त्यांत आजच्या तुमच्याबद्दल काहीच नसेल. तीनपैकी निदान दोन पत्रं जिने पाहिलेल्या माणसांची हवीत.

स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं टिपण, सगळ्यात शेवटी लिहा. यंदाचं तुमचं स्टेटमेंट मी पाहिलेलं नाही, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वेगळं काढून ठेवलंय: 'ती कुणी मागितलेली नाहीत.' तिथून सुरुवात करा. बालपणापासून चित्रकलेची आवड होती हे कुणालाही सांगू नका, समितीने ते वाक्य हजारदा वाचलेलं असतं. पाचवं चित्र का फसलं आणि सहाव्यात तुम्ही काय केलंत, ते साध्या भाषेत एका पानात लिहा.

नवऱ्याबद्दल. तो गप्प होतो याचा अर्थ तो विरोधात आहे असा मी काढणार नाही. बहुधा त्याला तुमचं मन मोडायचं नाही आणि आकड्यांची भीतीही वाटतेय. दोघांनी एक संध्याकाळ काढून कागदावर मांडा: दोन वर्षांचा एकूण खर्च, तुमचा थांबणारा पगार, कर्जाचा हप्ता किती आणि तो कधीपर्यंत. त्याला 'जाऊ का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर तो एकदा देऊन बसलाय. 'किती रकमेपर्यंत तुला झोप लागेल?' हे विचारा. तो आकडा पुढच्या वर्षी अर्ज करताना तुमच्या फार कामी येईल.

आता शाळेला ईमेल. छोटं ठेवा. प्रवेशाबद्दल आभार माना, तुम्हाला तिथे नेमक्या कोणत्या शिक्षकाबरोबर काम करायचंय ते एका वाक्यात लिहा, आणि मग सरळ विचारा: सध्याच्या मदतीवर मला येणं शक्य नाही, मदतीचा फेरविचार होऊ शकेल का, आणि तो होणार नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? दिलगिरीचा सूर लावू नका. काही जण मिळालेली जागा आणि मदत ऐन वेळी नाकारतात, त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दिवसांत शाळांकडे पैसे मोकळे होतात आणि विचारणाऱ्यालाच ते मिळण्याची शक्यता असते. पहिल्या ईमेलला गुळमुळीत उत्तर आलं तर आठवड्याभराने एकदा फोन करा.

त्यांनी पूर्ण फी माफ केली आणि दोन्ही वर्षांचं लिहून दिलं, तर मी वर थांबण्याबद्दल जे सांगितलंय ते बाजूला ठेवा. विद्यार्थ्यांशी बोलून घ्या, नवऱ्याबरोबर कागदावर आकडे पुन्हा एकदा मांडा, आणि त्याला झोप लागेल त्या आकड्यात ते बसत असतील तर होकार कळवा. नोकरीचा राजीनामा मात्र ते पत्र हातात पडल्यावरच द्या.